सलोत्र्याला सांगितलेला बैल

"धोतर सोडा," डॉक्टर म्हणाला, आणि सटवाजीचा हात आपसूक कमरेशी खोचलेल्या सोग्यावर गेला व तिथेच घट्ट बसला. डॉक्टर काही खेकसला नव्हता. जीभ दाखवा म्हणावं तितक्याच सहज म्हणाला होता तो. सकाळपासून दम्याचे, हिवतापाचे, विंचू चावलेले बघून बघून कंटाळलेला तरणा माणूस, डोळ्याखाली काळं आलेलं. मधे नुसता एक हिरवा पडदा, पडद्यापलीकडे बाया बसलेल्या, त्यांच्या पाटल्या वाजत होत्या, एक लेकरू किरकिरत होतं. "पोटात दुखून राहिलं जी," सटवाजी म्हणाला. "पोटच बघायचंय, जरा खालून," डॉक्टर म्हणाला. सटवाजीला वाटलं आपण सोडतो आहोत. वाटलं म्हणजे काय, हात सोग्यावर होताच, ओढायचा तेवढा बाकी. पण हात काही हलेना. हात जणू दुसऱ्याचा होता आणि त्या दुसऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "आता न्हाई दुखत," तो म्हणाला. डॉक्टरने वर बघितलं, "मग आलात कशाला?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कंपाउंडरला लाल औषध द्यायला सांगितलं. बाटलीत औषध घेऊन सटवाजी बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ना लाज वाटते आहे ना बरं वाटतं आहे. काहीच वाटत नाही.

मग आला होता कशाला? साखऱ्याहून निघताना ठरवून निघाला होता. आज दाखवायचंच. सेनगावपर्यंत पायी आला, तिथून सरकीच्या गाडीवर बसून हिंगोलीच्या रस्त्याला लागला, आणि वाटभर मनात एकच घोकत होता, डॉक्टर म्हणेल काय होतंय, आपण म्हणायचं, खाली गाठ आली. तीन शब्द. हिंगोलीच्या वेशीपर्यंत ते तीन शब्द तोंडात तयार होते, आणि ऐन वेळी पोट कुठून आलं कुणास ठाऊक. पोटाला कुणी हसत नाही. पोट राजालाही असतं. सटवाजी रेल्वेच्या फाटकापाशी थांबला. फाटक पडलेलं होतं, मालगाडी येणार होती, लोक गप्पा मारत उभे होते. लढाई संपली तरी रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही, असं कुणीतरी म्हणत होतं. सटवाजीने मान हलवली. गाडी आली, गेली, फाटक उघडलं, लोक पुढे गेले, आणि तो तिथेच उभा राहिला.

गाठ सापडली ती माघात, नदीवर आंघोळ करताना. सापडली म्हणजे तरी काय, हातालाच लागली. सटवाजीचा हात साधा नव्हता, ही पंचक्रोशीतली गोष्ट होती. गोऱ्हा बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा असला की लोक साखऱ्याच्या सटवाजीला बोलावत. गोऱ्हा पाडायचा, पाय बांधायचे, आणि लाकडावर घेऊन ठेचायचं ते नंतरचं. आधी सटवाजी डोळे मिटून नुसता हात फिरवायचा. कुठल्या बाजूची शीर कुठून जाते, गोऱ्हा कसा निघेल, औताचा की गाडीचा, हे तो हातानेच सांगायचा. शेतकरी माणूस, हा काही त्याचा धंदा नव्हे; नारळ आणि टोपी मिळायची, जेवण मिळायचं. पण हात मोठा गुणाचा. लोक म्हणायचे, सटवाजीने बडवलेला बैल खुटत नाही, त्याची वाढ अडत नाही. तोच हात माघात नदीच्या गार पाण्यात फिरला आणि डाव्या बाजूला थांबला. सुपारीएवढं काहीतरी. गारगोटीसारखं कडक. अंगठ्याने दाबलं, दुखलं नाही. जोराने दाबलं, तरी नाही. आणि तिथेच सगळा घोळ झाला बघा. दुखलं असतं तर माणूस ओरडला असता, चार जणांनी उचलून नेलं असतं, लाज आपली आपणच गळून पडली असती. पण जे दुखतच नाही त्याचं कुणाला काय सांगायचं? आता सुपारीचं लिंबू झालं होतं, लिंबाच्याही पुढे गेलं होतं, बसताना ओझं कळायचं. दुखत मात्र अजून नव्हतं.

फाटक ओलांडून तो बाजाराकडे न जाता उजवीकडे वळला. पाय नेत होते तिकडे जात होता. त्याला बाप आठवला. बाप, खंडोजी, ज्याने त्याला गोऱ्ह्यावर हात ठेवायला शिकवलं, तो शेवटच्या वर्षी बाजेच्या कडेवर बसायचा आणि मांडीवर कायम उपरणं पसरलेलं असायचं. ऐन उन्हाळ्यात उपरणं. आई म्हणायची, काहून पांघरून राहिले, तो म्हणायचा, वारा लागतो. पोट फुगलं, पाय सुजले, गळ्याजवळ काहीतरी उगवलं, तरी वारा लागतो. गेला तेव्हा आंघोळ घालताना चुलत्याने उपरणं काढलं आणि लगेच पुन्हा टाकलं. त्या एका घटकेत सगळ्यांनी बघून घेतलं. पाणी ओतणारा थांबला. एवढं मोठं! मसणातून परतताना सटवाजी मागून चालत होता आणि पुढचे दोघे बोलत होते ते त्याला ऐकू आलं. एक म्हणाला, "बैलांचा तळतळाट, दुसरं काय." दुसरा हसला. हसला म्हणजे खळखळून नव्हे, नाकातून. ते नाकातलं हसू सटवाजीच्या कानात एखाद्या कुसळासारखं जाऊन बसलं, आणि इतक्या वर्षांनी डॉक्टरने धोतर सोडा म्हटल्यावर त्याला पहिलं ऐकू आलं ते तेच. बाप मेला याचं दुःख झालं होतं का? झालंच असेल. ते आठवत नव्हतं. हसू आठवत होतं.

तो जिथे थांबला ती जागा जनावरांच्या दवाखान्याची होती. कडुनिंबाखाली एक म्हैस खोड्यात उभी होती आणि सलोत्री गुलाबसिंग तिच्या कासेला काहीतरी चोळत होता. गुलाबसिंग परदेशी, म्हणजे मूळचा उत्तरेकडचा, त्याचा आजा हिंगोलीच्या छावणीतल्या पलटणीत आला आणि इथलाच होऊन गेला. मिशा पांढऱ्या, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी, आणि जनावराशी बोलताना तो माणसाशी बोलताना बोलायचा त्याहून मऊ बोलायचा. म्हशीवाला गेल्यावर त्याने हात धुतले. "बोला, क्या तकलीफ?"

"बैलाला गाठ आली," सटवाजी म्हणाला.

म्हणून गेला. आणि म्हणाला तसा त्याच्या छातीवरून कुणी दगड उचलल्यासारखा श्वास आत गेला. इतका लांब श्वास त्याने कित्येक महिन्यांत घेतला नव्हता.

"किधर?"

"आंडाला. डाव्या बाजूला."

"नरम? पानी भरल्यासारखी?"

"कडक. गारगोटी."

"दुखते?"

"न्हाई जी. दाबलं तरी न्हाई."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

गुलाबसिंगने हात पुसायचे थांबवले. "दुखत नाही हेच बराबर नाही," तो म्हणाला. "खातो का?"

"खातो, पन अंगाला लागत न्हाई. कुशी आत गेल्या." सटवाजीला बोलायचा हुरूप आला. बैलाचं सांगायला काय लागतं! किती सोपं होतं सगळं. "पहिल्यासारखा जोर न्हाई राहिला. उन्हात लवकर दमते. अन् कमर दुखते त्याची, पहाटच्याला."

"बैलाची कमर दुखते हे तुला कसं समजलं?"

"उठताना कळते न जी," सटवाजी म्हणाला.

गुलाबसिंग खांबाला टेकला. याला सरतान म्हणतात, डॉक्टर लोकांचा क्यान्सर, तो म्हणाला. कापून काढायचं. एकाच बाजूचं. दुसरं राहतं, जनावर पहिल्यासारखं चालतं, गाईवरही जातं, कुणाला पत्ता लागत नाही. पण जल्दी. ही चीज वर पोटात चढली की मग सलोत्री काय आणि हकीम काय, कुणाचा बाप काही करू शकत नाही. सटवाजी ऐकत होता. खोड्याच्या लाकडावर म्हशीचे केस चिकटलेले होते, ते तो बोटाने काढत होता. "मानसाला बी व्हते का हे?" त्याने विचारलं, उगीच आपलं बोलण्यात बोलणं म्हणून. "होते की," गुलाबसिंग म्हणाला. "माझ्या मावसभावाला झालं. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात काढून टाकलं. नंतर दोन लेकरं झाली त्याला. पण तो माझ्याकडे आला म्हणून. बाकी आदमी लोक कुठं दाखवतात? मरतील पण दाखवणार नाहीत." आणि हसला. साधंच हसला तो, तोंडभर, पण सटवाजीच्या जिभेवर आलेलं सगळं तिथल्या तिथे वाळून गेलं. सांगायचं होतं हो त्याला. अगदी ओठावर आलं होतं. तो म्हणाला, "बैल लई चांगला हाये जी. तांबडा. घरचा गोऱ्हा हाये, बडवला न्हाई अजून, वळू म्हणून राखला." "मी सोमवारी साखऱ्यालाच येऊन राहिलो, गुरांना बुळकांडीच्या रोगाची टोचणी हाये," गुलाबसिंग म्हणाला. "तेव्हा दाखव. हात लावल्याशिवाय काही खरं नाही."

गावाकडे परतताना सटवाजीला त्या बैलाची काळजी वाटू लागली. खोटं नाही. सरकीची गाडी परत मिळाली नाही, तो बराच रस्ता पायी चालला, आणि चालता चालता मनात तांबड्याचंच चाललं होतं. किती उमदं जनावर, काय त्याचं वशिंड, कुठून लागलं हे त्याच्या मागं. आणि मधेच ध्यानात यायचं की तांबड्या तर धडधाकट आहे, गोठ्यात उभा राहून कडबा खातो आहे. मग सगळं पुन्हा सुन्न व्हायचं. दोन्ही बाजूंना जवारी चांगली वाढली होती, खुरपण संपलेलं, रानात माणूस दिसत नव्हतं. श्रावणातले ते मोकळे दिवस, पेरणी नाही की काढणी नाही, माणसाने मनात आणलं तर हैदराबादच काय काशीला जाऊन यावं. लाल औषध त्याने वाटेत ओतून दिलं आणि बाटली धुऊन ठेवली, घरी तेलाला होईल म्हणून.

घरी बायकोने, मनकर्णाने विचारलं, "काय म्हणला डागदर?" पोटात वात आहे म्हणाला, असं त्याने सांगितलं. तिने लेकीसाठी भाकरी थापता थापता एकदा वर बघितलं. ती काही मूर्ख बाई नव्हती. नवरा आता पहाटे सगळ्यांच्या आधी नदीवर जातो, धोतर ओलं असलं तरी आडोशाला बदलतो, अंथरुणात भिंतीकडे तोंड करतो आणि तिचा हात चुकून लागला तरी अंग चोरतो, हे तिला दिसत होतं. फागुनात ती एकदा म्हणाली होती, "माझ्यावर राग हाये का तुमचा?" न्हाई, तो म्हणाला. "दुसरी कोन हाये का?" यावर तो हसला होता आणि ती रडली होती. त्या वेळी सांगून टाकता आलं असतं. बायको आपली, अंधार आपला. पण त्याला बापाच्या अंगावरचं उपरणं उचलणारा हात दिसला, आणि वाटलं, एकदा का हिला कळलं की हिच्या डोळ्यांत मी तोच होणार, बाजेच्या कडेवर बसलेला. आता आहे तोवर नवरा आहे, सटवाजी आहे, ज्याच्या हातानं बैल खुटत नाही तो आहे. ते जाईल. जीव जाईल तेव्हा जाईल, हे आधी जाईल. एवढं स्पष्ट त्याने मनाशी कधी म्हटलं नव्हतं. पण त्याचा अर्थ तोच होता.

सोमवारी पारापाशी गुरं जमली. धूळ, शेण, हंबरणं, पोरींची पळापळ. गुलाबसिंग बाह्या वर करून सुया मारत होता, आणि टोचणी संपत आल्यावर त्याने हाक दिली, "अरे सटवाजी! तो बैल कुठाय तुझा, गाठवाला?" गर्दीत बडबड झाली. सटवाजीच्या बैलाला गाठ? तांबड्याला? किसनराव माळकरी, ज्याच्या दोन गाई तांबड्यापासून गाभण होत्या, पुढे आला. "काय झालं त्याला? कालच तर पाहिला मी." सटवाजी गोठ्याकडे गेला. न जाऊन करतो काय? दावं सोडताना तांबड्याने त्याच्या खांद्याला तोंड घासलं. बैल घेऊन तो परत पारापाशी आला.

गुलाबसिंग मागून वाकला. बराच वेळ त्याने हात फिरवला. "कुठाय?"

"डाव्या बाजूला."

"नाही लागत मला. तूच दाखव. तुझा हात मोठा म्हणतात."

सटवाजीने हात घातला. दोन्ही गुळगुळीत, ऊबदार, जिवंत. कुठे काही नाही. असं निरोगी जनावर त्याच्या हाताला क्वचित लागलं असेल. "ही काय," तो म्हणाला. "हितं हाये." गुलाबसिंगने पुन्हा हात लावला आणि मग तो बैलाकडे बघेना, सटवाजीकडे बघू लागला. आत गेलेल्या कुशींकडे. वर येणाऱ्या गळ्याच्या हाडांकडे. मग जवळ आला आणि अगदी खालच्या आवाजात, म्हशीशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "गाठ कोणाला हाये, सटवाजी?"

आता बघा, विचारणारा विचारून मोकळा झाला होता. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. गर्दी चार हात लांब होती. नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. सटवाजीने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून किसनराव म्हणाला, "सायब, काय व्हय? कोनाला काय झालं?" आणि सगळी गर्दी एक पाऊल पुढे आली.

"बैलाला," सटवाजी मोठ्यांदा म्हणाला. "गाठ बैलालाच हाये. सायबाला लागंना, पन माझ्या हाताला लागते. आज बडवूनच टाकतो."

"आज?" किसनराव ओरडला. "येडा झाला का? पोळा तोंडावर आला. असल्या दिवसात कोन बडवते? कातडं फुटलं तर माशा बसतील, अळ्या पडतील! अन् वळू हाये तो, सटवाजी, गावाचा वळू हाये!" इतर दोघेतिघेही बोलले. पण हाताच्या बाबतीत सटवाजीच्या पुढे कोण बोलणार? त्याला लागते म्हणतो तर असेल. गुलाबसिंगने पेटी बंद केली. "मी चांगल्या जनावराला हात लावणार नाही," एवढंच तो म्हणाला आणि घोड्याकडे गेला.

सटवाजीने तांबड्याला पाडलं. पाय बांधले. धरायला चौघे आले होते. त्याने डोळे मिटले नाहीत, हातही फिरवला नाही. फिरवून काय समजायचं होतं? लाकूड घेतलं आणि काम केलं. बैलाचा आवाज आला तेव्हा त्याला तो लांबून, पलीकडच्या शिवारातून आल्यासारखा वाटला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. लोक हळूहळू पांगले. कुणी हसलं नाही. कुणाच्याही मनात सटवाजीविषयी काही आलं नाही. सगळे बैलाविषयी बोलत गेले. जसं व्हावं असं त्याला वाटत होतं तसं अगदी बराबर झालं होतं.

तो गोठ्यात तांबड्याजवळ बसला होता. जनावर उभं होतं, मागचे पाय फाकवून, सगळं अंग थरथरत. मनकर्णा हळद आणि तेल कालवून घेऊन आली. वाटी त्याच्या हातात दिली आणि तिथेच खाली बसली.

"डाव्या बाजूला हाये म्हनं," ती म्हणाली.

"दोनी ठेचले."

"तांबड्याचं न्हाई इचारलं मी."

सटवाजी तेल लावत राहिला. हात हळू फिरत होता. बैलाने पाय झाडला, त्याने त्याच्या मांडीवर थोपटलं.

"सलोत्री जाता जाता दारात थांबला," ती म्हणाली. "म्हणला, बाई, तुमच्या बैलाला काई नव्हतं. येवढंच म्हणला अन् गेला. मी चुलीपुढं बसले. मग माघापासूनचं समदं माझ्या डोळ्यापुढून गेलं." तिचा आवाज फाटला. "मी दुसरी बाई धुंडून राहिले वो! अन् तुमी... आत्याबाईनं सांगितलं व्हतं मला मामंजीचं. समदं सांगितलं व्हतं. मला काय म्हाईत न्हाई असं वाटलं तुमाला?" तिने त्याचा तेलाचा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने तो ओढून घेतला नाही. "हैदराबादला जाऊ. लेकीला माझ्या मायजवळ ठेवते. मी येते संगं. डागदरापुढं मी उभी राहते, तुमी डोळे मिटून घ्या. कोनी हसनार न्हाई. हसलं तर मी बघते त्याला. जाऊ न?"

सटवाजीला कळत होतं की आपण आता रडायला पाहिजे. किंवा हो म्हणायला पाहिजे. तिचा हात गरम होता, तेवढं कळत होतं.

"जाऊ," तो म्हणाला.

"कवा?"

"पेरनी झाल्यावर."

मनकर्णा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग गोठ्याच्या दारातून तिने बाहेर बघितलं. "अवं, पेरनी झाली की," ती म्हणाली, लेकराला सांगावं तसं. "जवारी कमरेला लागली."

त्यानेही बाहेर बघितलं. कुडाच्या पलीकडे त्यांचं रान होतं, आणि रानात कमरेएवढी जवारी वाऱ्याने हलत होती.

"रब्बीची," तो म्हणाला.